लाकूड खाणारी बुरशी आणि आम्ही

इतरांच्या ऑफिसात किस्से डबा खाताना घडतात. आमच्या बुरशीच्या लॅबमध्ये ते वाट बघताना घडतात. लाकडाचा ठोकळा एकदा बुरशीच्या बाटलीत टाकला की तीन महिने नुसतं बघत बसायचं! तेवढ्या वेळात माणूस काहीतरी मूर्खपणा करतोच. आमच्याकडे तो बहुतेक वेळा मीच केलेला असतो, म्हणून हे किस्से मी चारचौघांत सांगत नाही. आज सांगतो.

नगरच्या एका कॉलेजात आम्ही तिघं: मी, माझ्या सहकारी देशपांडे मॅडम, आणि लॅब सांभाळणारे भाऊमामा. आमचा विषय तपकिरी कूज. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि लिग्निन नावाचा तपकिरी सांगाडा तेवढा मागे ठेवते. लाकूड चौकोनी तडकतं, बोटांनी चुरलं तर भुगा होतो.

*

पहिल्या वर्षी मी नागापूर एमआयडीसीतून पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन आणलं. तीन महिन्यांनी बाटल्या उघडल्या, लाकूड जसंच्या तसं! मी सेमिनारमध्ये छाती फुगवून सांगितलं, "या लाकडात नैसर्गिक प्रतिकारशक्ती दिसते." टाळ्या झाल्या.

बाहेर पडताना भाऊमामा हळूच म्हणाले, "सर, त्या लाकडाला कंपनीत बुरशीचं औषध मारत्यात. माझा जावई तिथंच हाय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच न्हाई!"

*

सोनईचे एक शेतकरी गोठ्याच्या वाशाचा तुकडा पिशवीत घेऊन आले. मी लांबूनच बघून म्हणालो, "वाळवी."

"वाळवी माती आनती सर. हितं माती कुठंय?"

मी गडबडलो आणि गडबडल्यावर माणूस करतो तेच केलं, फळ्यावर रसायनशास्त्र लिहायला लागलो. लोह, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल... वीस मिनिटं! ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लोखंड आन् ह्ये पाण्यासारखं औषध मिळून लाकूड फोडतंय, मग बुरशी काय करती?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण मराठीत नव्हतं.

देशपांडे मॅडमनी खुर्ची ओढली. "काका, बुरशीचे पाचक रस आकाराने मोठे. लाकडाच्या भिंतीत शिरत नाहीत. म्हणून ती आधी हे बारीक सुरुंग आत सोडते. भिंत खिळखिळी झाली की मग जेवायला बसते."

"आस्सं व्हय!" ते माझ्याकडे वळले. "सर, तुमी बी ह्या मॅडमकडं शिकता का?"

*

घरी चपलांच्या पाइनच्या रॅकखाली एक दिवस नारिंगी कड असलेला पापुद्रा उगवला. वर बाथरूमचा पाइप गळत होता, सहा महिने. बायकोने मला हाक मारली. "या. तुमचा विषय घरी आलाय, भेटून घ्या!"

*

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक. त्यांनी आमच्या एका हुशार विद्यार्थिनीला विचारलं, "तपकिरी कुजीनंतर लाकडात मुख्यतः काय उरतं?" ती क्षणभर थांबली. मला राहवेना. परीक्षकांच्या पाठीमागून मी ओठ हलवले. घाईत भलताच शब्द निघाला: सेल्युलोज.

तिने तेच सांगितलं. मार्क गेले.

नंतर मी विचारलं, "अगं, तुला तर येत होतं ना?"

"येत होतं सर. पण तुम्ही सांगत होता."

*

आणि हा जामखेडचा.

तिकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. गॅदरिंगचं स्टेज पाइनच्या फळ्यांचं, पाठीमागे गळकी टाकी. "सर, मुलं नाचणार आहेत. एकदा बघून जा."

मी फळ्या ठोकल्या, उचलून पाहिल्या. वजन भरपूर, रंग स्वच्छ. म्हणालो, "बिनधास्त वापरा बाई!"

आता हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो, की या बुरशीत लाकडाची ताकद आधी जाते. वजन नंतर, रंग त्याच्याही नंतर. वर्गात शिकवतो. तिथे मला घरी परतायची घाई होती.

गॅदरिंगच्या सकाळी मुलांना चढवण्याआधी बाई स्वतः स्टेजवर चालून बघायला गेल्या. तिसरी फळी मोडली. पाय दोन ठिकाणी फ्रॅक्चर.

दवाखान्यात गेलो तेव्हा शाळा समितीचे चौघं कॉटभोवती उभे होते. अध्यक्ष चिडून विचारत होते, "तपासायला माणूस आनला हुता ना? काय म्हनला त्यो?"

मी दारातच थांबलो. माफीचं वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं. तोंड उघडलं तोच बाईंनी मला पाहिलं.

"हे बघा, हेच ते सर," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला बजावलं होतं, फळ्या बदला म्हणून. मीच ऐकलं नाही."

चौघांनी माझ्याकडे वळून बघितलं. अध्यक्षांनी पुढे होऊन नमस्कार केला. "बगा की, आन् आमी तुमाला बोल लावत हुतो!"

मी हात जोडले. "चालायचंच," म्हणालो.