बेलापूरच्या बागेवरचा ढग

फळबागायतदाराने शिवरात्रीच्या सुमारास घर सोडू नये, असं आमच्या रत्नागिरीकडे सगळे मानतात. त्या दिवसांत मोहोर जळतो, बारीक कैरी गळते, आणि मालकाने झाडाखाली उभं राहून वर बघत हळहळायचं असतं. हळहळल्याने गळ थांबते असं नाही. पण मालक जागेवर नसला तर ती दुप्पट होते, असा समज आहे. त्र्याहत्तर साली मी हा नियम मोडला. त्या वर्षी माझी कलमं मोहोरलीच नव्हती, त्यामुळे हळहळायलाही काही शिल्लक नव्हतं. तेवढ्यात रंगनाथचं पत्र आलं. शेतकी शाळेच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलेले. त्याने लिहिलं होतं, ‘द्राक्षं खायला ये. दुष्काळ आहे, पण ये.’

पुण्याहून दौंडमार्गे गाडीने निघालो आणि बेलापूर स्टेशनवर उतरलो. फाटकाबाहेर एका टांगेवाल्याला म्हणालो, “बेलापुरात चला.”

त्याने मला नीट न्याहाळलं. “नवीन हायसा व्हय? हे श्रीरामपूर हाय.”

“पण पाटीवर तर बेलापूर लिहिलंय.”

“पाटीवर हाय. गाव लांब हाय. बसा.”

रस्त्यात हिरवं म्हणावं असं काही दिसेना. उसाचे खोडवे वाळून करडे झालेले. प्रवरेच्या पात्रात पाण्याऐवजी बायका होत्या. वाळूत झरे खणून वाटीवाटीने हंडे भरत होत्या. गावाच्या अलीकडे रस्त्याचं सरकारी काम चालू होतं. दोन्ही बाजूंना माणसं उन्हात बसून खडी फोडत होती. टांगेवाला म्हणाला, “पाऊस न्हाई म्हून रस्ता हुतोय. पाऊस आसता तर ह्याच रस्त्यावर गुडघाभर चिखल आसता.” त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं की समाधान म्हणून, ते कळलं नाही.

रंगनाथची बाग त्या खडीच्या रस्त्याला लागूनच होती. सगळा मुलूख भाजलेला आणि मधे हा एक हिरवा चौकोन. मांडवाखाली शिरलो तर डोक्यावर घडच घड, पोपटी, उजेड आरपार जाणारे. मी तोंड उघडून बघत राहिलो. रंगनाथ हातात फुटका पत्र्याचा डबा घेऊन पुढे आला आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “कोकण्या, बरा वेळेवर आलास. हा धर, वाजव.”

डबा पाखरांसाठी होता. तालुक्यात खायला दुसरं काही उरलं नसल्यामुळे सगळे पोपट आणि साळुंक्या याच बागेवर आल्या होत्या. घरच्या माणसांनी आळीपाळीने डबा वाजवायचा असा शिरस्ता होता. मी पाहुणा म्हणून मला सावलीतली बाजू मिळाली.

रंगनाथने ही बाग कशी जगवली ते दुपारी भाकरी खाताना यमुनावहिनींनी सांगितलं. पाटाचं पाणी कधीच बंद झालेलं. विहिरीत उतरून तळ आणखी खणला, वेलांच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलं, आणि विहिरीतला गाळ दिसेपर्यंत पाणी दिलं. ताटात मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी होती, लसणाची चटणी होती. वहिनी म्हणाल्या, “भावजी, ही भाकरी वाईच घट्ट हाय. आमी तिला नावं ठेवतो आन खातो.”

“आणि द्राक्षं?” मी विचारलं.

“आंबट हायती अजून,” रंगनाथ म्हणाला. “बागवान (फळांचा व्यापारी) येऊन चव घेऊन गेला. म्हणाला, आठवडाभर ऊन खाऊ द्या. गोडी भरू द्या.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “त्या आठवड्यात नुसता ढग नगं यायला. पिकलेल्या द्राक्षाला पावसाचा थेंब लागला की तडकतंय. गार पडली तर बोलायलाच नगं.”

मी हसलो. सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसलेला, आणि हा एकटा गृहस्थ पावसाला भिऊन होता.

“हसू नगंस,” तो म्हणाला. “तू तुझ्या आंब्याखाली उभा राहून ढगाला मोठ्यानं शिव्या देतोस. मला मनातल्या मनात द्याव्या लागत्यात. कुंपणापलीकडं ही माणसं खडी फोडत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने मारुतीच्या देवळात पावसासाठी भजन ठेवलं होतं. आम्हीही गेलो. टाळकऱ्यांचे गळे कोरडे होते, तरी म्हणत होते. शेवटी नारळ फोडायची वेळ आली, तेव्हा चार म्हाताऱ्यांनी एकमताने रंगनाथला पुढे केलं. कारण असं, की ज्याच्या शेतात हिरवं टिकलं त्याच्यावर देवाची मर्जी आहे. रंगनाथने नारळ हातात घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मारुतीराया, पाऊस पाड!” आणि डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत राहिला. लोकांना त्याची भक्ती फार आवडली.

वाटेत मी विचारलं, “काय पुटपुटत होतास?”

“पाडव्यानंतर, म्हणालो,” रंगनाथ म्हणाला. “आत्ता नगं. पाडव्यानंतर पाड, लागेल तेवढा पाड.”

वहिनी मागून येत होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्यांचं माहेर जामखेडकडचं. तिकडचं रान इथल्याहून कोरडं. त्या देवळात हात जोडून उभ्या होत्या तेव्हा त्यांच्या तोंडावर ‘पाडव्यानंतर’ नव्हतं, एवढं मीही पाहिलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्यांचा धाकटा भाऊ सोपान दोन बैल हाकत दारात आला. जामखेडच्या रानातून तो पायीच निघालेला. बैलांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. त्याच्याही आल्या असत्या, पण त्याने वर सदरा घातला होता.

“अक्का, तिकडं कडबा न्हाई, पाणी न्हाई,” तो म्हणाला. “आई म्हणली, बैलं अक्काकडं सोडून ये. लेकरं कामावर खडी फोडायलेत. बैलाला तर खडी फोडता येत न्हाई.”

रंगनाथ उठला. त्याने बैलांपुढे उसाचे वाढे (हिरवे शेंडे) टाकले. ते कुठून तरी जपून आणून ठेवलेले होते. बैल खाऊ लागले तसा सोपान खाली बसला, आणि मग त्याला पाणी प्यायची आठवण झाली. पिऊन झाल्यावर त्याने तांब्या ठेवला, मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, ह्यो बाग बगून पोटाला थंड वाटायलंय.” रंगनाथ वाढ्यांची आणखी एक पेंढी सोडायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा वाजवत होतो. वारा एकदम पडला आणि पाखरं आपणहून गप्प झाली. मला वाटलं, माझा हात बसला. मग मांडवाखालचा उजेड पिवळट झाला. बाहेर आलो तर पश्चिमेला काळंनिळं आभाळ उभं राहिलं होतं.

रस्त्यावरचे हातोडे थांबले. बायका उभ्या राहून बोट दाखवू लागल्या. कुणीतरी हाळी दिली, “आलं गं बाई, आलं!” सोपान अंगणात पळत आला. त्याचा चेहरा असा उजळला होता की त्याला तिथेच उभं राहू द्यावंसं वाटलं.

“दाजी! आलं बगा!”

“व्हय,” रंगनाथ म्हणाला. “आलं.”

सोपानने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बागेकडे पाहिलं, आणि त्याचं हसू तसंच अर्धवट राहिलं. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

वहिनी घरातून बाहेर आल्या. आभाळाकडे त्यांनी एकदाच पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “तोडा.”

“अजून गोडी भरली न्हाई,” रंगनाथ म्हणाला.

“गोडी ऱ्हाऊ द्या. तोडा म्हणते ना!”

त्या स्वतः कुंपणाशी गेल्या आणि रस्त्यावरच्या बायकांना हाक मारली. मला वाटलं, इतके महिने पावसाची वाट पाहणाऱ्या माणसांनी पाऊस येताना दुसऱ्याचे घड वाचवायला का यावं? पण त्या आल्या. त्यांची पुढारीण हौसाबाई, नाकात मोरणी, हाताला खडीचे घट्टे. तिने कात्री मागितली आणि सरळ वरच्या अंगाने सुरुवात केली. सोपानही तोडू लागला. मी करंड्या उचलून घरात नेऊन ठेवायच्या, खाली लिंबाचा पाला घालायचा. गडगडलं की सोपानची मान आपोआप वर जायची, डोळे चमकायचे; मग तो ओशाळा होऊन पुन्हा घडाला हात घालायचा. हौसाबाईचं तसं नव्हतं. ती तोडता तोडता मोठ्याने म्हणत होती, “ये बाबा ये! पर वाईच थांबून ये!” एका दमात दोन्ही मागण्या मांडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

अर्धी बाग उतरली असेल. मग पहिले टपोरे थेंब पडले, मातीचा वास उठला, आणि पाठोपाठ गारा. आम्ही सगळे पडवीत शिरलो. मांडवावर कुणी मुठीमुठीने खडे मारावेत तसा आवाज होऊ लागला. पानं फाटून खाली येत होती, घड गळून चिखलात पडत होते. रंगनाथ मात्र आत आला नाही. तो मांडवाच्या तोंडाशी भिजत उभा राहिला. त्याला हाक मारायचा धीर मला झाला नाही.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सोपान उभा होता. तोही भिजत होता. त्याने तोंड वर केलं होतं आणि दोन्ही हात पसरले होते. तो हसत होता की रडत होता, ते पाण्यामुळे दिसत नव्हतं. वहिनी दारात, दोघांच्या मधे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि मग आत जाऊन हंडे, कळशा, परात, जे मिळेल ते आणून पागोळ्यांखाली मांडायला लागल्या. एक हंडा कलंडत होता. रंगनाथ मांडवापासून चालत आला, तो नीट बसवला, खाली दगड लावला. वहिनींकडे न बघता म्हणाला, “हे पाणी वाया जायला नगं.”

पाऊस आला तसा गेला. भाकऱ्यांचं पीठ मळून व्हायला लागेल तेवढाही टिकला नाही. लगेच ऊन पडलं आणि उरलेल्या घडांवर चमकू लागलं. जवळ जाऊन पाहिलं तर मणी तडकले होते.

हौसाबाई पडवीतून उतरली. बागेची दशा पाहून म्हणाली, “रंगूभाऊ, आमी पाऊस मागितला आन तुमचं वाटोळं झालं.”

“मी बी मागितला हुता, हौसाबाई,” रंगनाथ म्हणाला. “गावासमोर नारळ मीच फोडलाय.” मग त्याने चिखलातला एक घड उचलला, सदऱ्याला पुसला आणि तिच्यापुढे धरला. “ही आता बाजारात जायची न्हाईत. पाट्या आना आन घेऊन जावा. सगळ्यास्नी सांगा.”

त्या संध्याकाळी खडीच्या ढिगांवर बसून माणसं द्राक्षं खात होती. बहुतेकांनी ती जन्मात पहिल्यांदाच खाल्ली असावीत. एक म्हातारा तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, “आंबट हाय की!” यावर रंगनाथ इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला. फाटलेली पानं बैलांनी खाल्ली. त्यांनी चवीबद्दल तक्रार केली नाही.

रात्रीच निरोप गेला होता, त्यामुळे सकाळी बागवानाचा ट्रक आला. घरातल्या करंड्या पाहून बागवान म्हणाला, “थोडी घाई केलीत.” वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने करंड्या उचलायला लागला.

मी परत निघालो तेव्हा सोपानही नगरपर्यंत माझ्याबरोबर होता. बैल मागे ठेवले होते. त्याच्या मांडीवर चांगल्या घडांची एक करंडी होती. रंगनाथने ती स्वतः निवडून भरली होती. नगरच्या स्टँडवर जामखेडहून आलेली गाडी उभी होती. सोपान धावत कंडक्टरकडे गेला. मी लांबूनच पाहिलं. कंडक्टरने तोंडाने उत्तर दिलं नाही. गाडीच्या बॉनेटवरून बोट फिरवून त्याला दाखवलं. बॉनेटवर बोटभर धूळ होती.

सोपान परत येऊन माझ्याजवळ बसला.

“तिकडं एक थेंब न्हाई, पाव्हणं.”

मी विचारलं, “घरी काय सांगणार?”

त्याने करंडी पुन्हा मांडीवर घेतली. “अक्काकडं पाऊस झाला म्हून सांगतो. आईला बागेचं काय कळत न्हाई. लई खूश हुईल.”

त्याची गाडी लागली. करंडी डोक्यावर धरून तो गर्दीत शिरला.

रत्नागिरीला पोचलो तर आमचे शेजारी अंगणातच भेटले. नगरकडे पाऊस झाल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. “चला, बरं झालं!” ते म्हणाले. त्यांना बसवून सगळं सांगावं असं मनात आलं. पण तिथे दूर जामखेडला एक म्हातारी त्याच बातमीवर खूश झाली असेल, आणि तिच्या आनंदात मिठाचा खडा टाकायला मी कोण?

“हो,” मी म्हणालो, “लेकीकडे झाला.”

त्यांना काही कळलं नाही. मी पिशवी घेऊन घरात गेलो.