सुबक रेघ

तपासणी विभागात सगळे तिला रेघताई म्हणायचे. बायकांच्या छातीचे फोटो काढायचे, गाठ दिसली तर पडद्यावर तिच्या कडेने रेघ मारायची, हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी आलेला कॉम्प्युटर त्या रेघेचा आकार मोजून निकाल द्यायचा. कड गुळगुळीत असली तर हिरवी चौकट, म्हणजे गाठ साधी. काटेरी असली तर लाल, म्हणजे लगेच सुई घालून तपासणी. डॉक्टर लाल चौकटी नीट बघायचे, हिरव्यांवर सही करायचे.

रेघ मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी चादरीला सुरकुती दिसली तर झोपलेल्या नवऱ्यालाही उठवेल अशी बाई ती. गाठीच्या कडेला केसासारखे बारीक धागे दिसले की तिला ती फोटोतली घाण वाटायची. ते वगळून ती गोल, सुबक रेघ मारायची. डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला ती रेघ दाखवायचे, आणि कौतुक कुणाला कडू लागतं?

गेल्या वर्षी तिची धाकटी जाऊ छातीत गाठ लागते म्हणून आली. जाऊ दोन लहान मुलींची आई. दोघींचं सख्ख्या बहिणींपेक्षा बरं जमायचं. भांडण झालंच तर बरणीच्या झाकणावरून. रेघताईने स्वतः फोटो काढले, आणि घरच्या माणसाची म्हणून जरा जास्तच निगुतीने रेघ मारली. चौकट हिरवी आली. दोघींचा जीव भांड्यात पडला. उगाच घाबरवलंस म्हणून थोरलीने तिला दटावलंही.

आठ महिन्यांनी जाऊ परत आली तेव्हा गाठीवरची कातडी आत ओढली गेली होती. या वेळी सुई घातली. निकाल कॅन्सरचा आला, आणि तो काखेच्याही पुढे गेला होता. डॉक्टरांनी जुना फोटो उघडला, रेघ काढून टाकली आणि नुसती गाठ मोठी करून बघितली. चारी बाजूंनी धागे फुटले होते. त्यांनी घाईने फोटो बंद केला. हिरव्या चौकटीखाली सही त्यांची होती.

ते गेल्यावर रेघताईने त्याच जुन्या फोटोवर पुन्हा रेघ मारली. एकेक धागा धरून, वाकडीतिकडी, एरवी तिला लाज वाटली असती अशी. चौकट लाल झाली. दोन वर्षांत आपल्या हातून किती हिरव्या चौकटी गेल्या, हे ती आठवायला लागली.

बाहेर बाकावर जाऊ मांडीवर फाइल घेऊन बसली होती.

"ताई, तेव्हाही हे होतं का हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. मशीन चुकलं म्हणणं त्याहून सोपं. मशीन काही उलटून बोलणार नव्हतं.

"होतं," रेघताई म्हणाली. "मला दिसलंही होतं. घाण समजून मीच ते सोडलं."

जाऊने तिच्या हातांकडे बघितलं. मग फाइल बंद करत म्हणाली, "मुलींना हे कधी सांगू नका. पुढे त्यांना तुमच्याजवळच राहायचंय."