महादेवाला निघालेली कळशी

देवासमोर हात जोडले की आत नेमकं काय व्हायला हवं, हे मला कधीच नीट कळलेलं नाही. मी मंठ्याजवळच्या एका गावातली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि जालन्याला बीएस्सीला आल्यापासून हा प्रश्न जास्तच छळू लागला. श्रद्धा उडाली असं म्हणावं, तर ती आधी तरी होती का, हेच सांगता येत नव्हतं. आरतीला मी उभी राहायची, टाळ्या वाजवायची, आणि मनात मात्र शेजारच्यांचे चेहरे बघत बसायची. यांना काय होत असेल? मला का होत नाही? हे कोणाला विचारायची हिंमत नव्हती. आज लिहितानाही थोडा संकोच वाटतोच आहे. तरी जे घडलं ते जसं घडलं तसं सांगते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजचं निसर्ग शिबिर भोकरदनच्या वर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत होतं. तिथल्या एका जुन्या महादेवाच्या देवस्थानात आमची राहायची सोय होती. मुली भक्तनिवासात, मुलं बाहेर तंबूत. सपाट काळ्या रानात वाढलेल्या मला डोंगर इतक्या जवळून पाहणंच नवं होतं. सकाळी दुर्बीण घेऊन पक्षी बघायचे, दुपारी दोरीवरून ओढा ओलांडायचा, संध्याकाळी दगडांचे थर ओळखायचे. मी प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत होते. शेवाळ उन्हात कसं वाळतं, घोरपड कपारीत कशी शिरते, कड्यावरून आवाज परत यायला वेळ का लागतो. सरांना, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांना, माझ्या प्रश्नांचा कंटाळा आला असेल, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

शेवटच्या दिवशी कड्यावरून दोरीने उतरायचं होतं. सकाळीच सरांनी आम्हाला दुर्बिणीतून त्या कड्याच्या दुसऱ्या अंगाला लटकलेलं आग्या मोहोळ दाखवलं होतं. आपण त्याच्यापासून लांब आहोत, पण आरडाओरडा नको, अत्तर नको, धूर नको, असं बजावलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मुलांनी खिशातल्या काडेपेट्यासुद्धा काढून ठेवल्या.

मग सर काही जणांना घेऊन वर गेले आणि बाकीचे खाली थांबले. मी वर गेले. माझी मैत्रीण कावेरी खाली थांबली, कारण सकाळपासून तिचं एकच चाललं होतं, "नारळ फोडल्याबिगर मी न्हाई त्या दोरीला लटकणार, सांगून ठेवते." त्यावर एक जण म्हणाला, "तू लटकणार असशील तर दोरीच नवस बोलंल, ताई." सगळे हसले, पण नारळ फोडायचा हे नक्की झालं. आमच्याकडे बोअर घ्यायची असो की ट्रॅक्टर आणायचा असो, नारळ आणि ऊद झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. खाली कड्याच्या पायथ्याशी त्यांनी दगड मांडला, त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पूजेच्या सामानातल्या काडेपेटीने त्याच्याच शेंड्या पेटवून त्यावर मूठभर ऊद टाकला. सरांचं सांगणं कोणी मोडलं असं कोणाच्या मनातही नव्हतं. ऊद म्हणजे धूर, हे आमच्यापैकी कोणाला सुचलंच नाही. धूर चुलीचा असतो, विडीचा असतो. ऊद हा देवाचा असतो.

तेव्हा मी दोरीवर, कड्याच्या मध्यावर होते. शेंड्यांचा दाट धूर खडकाला चिकटून वर आला आणि वाऱ्याने कोपऱ्यापलीकडे वळला. तिथून मला मोहोळाची कड दिसत होती. त्या काळ्या पडद्यावरून एक लाट सरकली, जशी वाऱ्याने गव्हाच्या रानावरून सरकते. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला भीती वाटलीच नाही. मी बघत राहिले, हे कसं होतं म्हणून. मग तो पडदा फाटला आणि सगळीकडे आवाज भरला.

खालचे सगळे पळाले. सर वरून ओरडले, "हलू नकोस, तोंड झाक." मानेवर डंख बसला, मग कानामागे. माझी मूठ दोरीवर अशी आवळली होती की मला ती सोडता येईना. खाली उतरावं तर खालीच धूर. माशा वाढत होत्या. आई काय करत असेल, एवढंच मनात आलं. देवाचं नाव घ्यावं हे मला सुचलंसुद्धा नाही.

तेवढ्यात ओढ्याच्या पायवाटेने एक बाई आल्या. डोक्यावर कळशी, पाय अनवाणी. ओढ्याच्या उगमाचं पाणी महादेवाला वाहायचं, वाटेत कळशी टेकवायची नाही आणि पाणी पिंडीवर पडेपर्यंत बोलायचं नाही, असा तिथे नवस असतो. पळणारी मुलं त्यांच्या बाजूने गेली. त्या मात्र पदर तोंडावर ओढून सरळ जाळाकडे आल्या आणि भरलेली कळशी त्यावर ओतली. पायाने राख दाबली. मग वर बघून त्यांनी हात उचलला आणि पंजा हळूहळू खाली दाबला. थांब. दम धर. तोंडातून शब्द नाही. मी त्या हाताकडे बघत राहिले आणि श्वास घेत राहिले. किती वेळ, ते मला माहीत नाही. आवाज विरळ झाला, धूर गेला, वारा होताच. माझी मूठ कधी सैल झाली तेही कळलं नाही. सरांनी वरून दोरी सांभाळत मला खाली उतरवलं.

कावेरी रडत आली. सरांनी डंख काढले, औषध दिलं. त्या बाईंच्या हातावरही गांधी उठल्या होत्या, पण त्या रिकामी कळशी घेऊन उगमाकडे परत निघाल्या होत्या. सरांना सांगून मी त्यांच्यामागे गेले. त्यांनी पुन्हा कळशी भरली. आम्ही न बोलता चढलो. गाभाऱ्यात त्यांनी पाणी पिंडीवर सोडायला घेतलं आणि मानेने मला खुणावलं. मी कळशीच्या बुडाला हात लावला.

पाणी संपलं तशा त्या म्हणाल्या, "बोल आता. तव्हाधरून पोटात दाबून राह्यलीस."

"मावशी, तुमचा नवस मोडला ना माझ्यामुळं?"

"मोडला तर मोडला. बसला असंल त्यो बघत." त्या टेंभुर्णीकडच्या होत्या. लेकीला दिवस गेले होते, आणि पहिल्या खेपेचं बाळ हाती लागलं नव्हतं. त्यासाठी हे पाणी.

मी विचारलं, "मंग ओतताना भेव न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पण ते मागून वाटलं. हात आधीच वाकडा झाल्ता."

एवढंच बोलून त्यांनी माझ्या केसातली राख झटकली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

शरण जाणं म्हणजे नीट विचार करून, खात्री पटल्यावर उचलायचं पाऊल असं मी समजत होते, आणि ती खात्री होत नाही म्हणून खिन्न होत होते. आता वाटतं, ते कदाचित ठरवायच्या आधीच होऊन जातं, आणि भीती मागून येते. तो हात कोणी वाकडा केला, हे मी विचारत नाही असं नाही. विचारते. पण उत्तर आलं नाही म्हणून आता अडून बसत नाही.

त्यांच्या लेकीचं पुढे काय झालं, मला कळलेलं नाही. खोलीवर दिवा लावताना मी त्या न पाहिलेल्या लेकीसाठी मागते. मागणं कुठे पोहोचतं ते ठाऊक नाही. तरी तिचं सुखरूप होऊ दे, एवढं म्हणते, आणि म्हणून झाल्यावरही थोडा वेळ तिथेच उभी राहते.