मीरा रोडला बोटी नाहीत

मॅडमनी स्क्रीनवरचा ग्राफ मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "सरिता, हे तर फारच छान आलंय."

मार्चमध्ये समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या बायकांचा एकटेपणाचा स्कोअर वर होता. जूनमध्ये तो चांगलाच खाली आला होता. मधल्या काळात आम्ही तिथे दर मंगळवारी बायकांचं गप्पामंडळ चालवलं होतं. मंडळाचा गुण आला, असं ग्राफ सांगत होता.

मी मॅडमच्या हाताखाली मानसशास्त्राच्या एका संशोधन प्रकल्पात काम करते. एकटेपणा मोजायचा म्हणजे काय, असं लोक मला विचारतात. आमच्याकडे दहा वाक्यांचा फॉर्म असतो. 'घर रिकामं वाटतं', 'कोणाची तरी उणीव भासते', अशी वाक्यं. समोरच्याने 'कधीच नाही', 'कधीकधी', 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमी' यांतलं एक सांगायचं. त्याचे गुण मांडायचे, की झाला स्कोअर. पण नुसता स्कोअर उतरला म्हणून उपाय लागू पडला असं म्हणता येत नाही. म्हणून उपाय न दिलेला दुसरा एक गट घ्यायचा आणि त्यालाही त्याच वेळी मोजायचं. याला कंट्रोल ग्रुप म्हणतात. आमचा कंट्रोल ग्रुप मीरा रोडच्या सोसायट्यांमधल्या बायकांचा होता. त्यांचा स्कोअर हलला नव्हता.

"पेपर लिहायला घे," मॅडम म्हणाल्या. "पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. ऑगस्टअखेर डेडलाइन आहे."

मी त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला. ते तालुक्याच्या गावी शिवणकाम करतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आजवर आमच्याकडे छापून आलेली नावं म्हणजे लग्नपत्रिकेतली. वडिलांनी विचारलं, "पेपरात म्हणजे फोटोसकट?" मी म्हटलं, "नाही बाबा, नुसतं नाव." ते म्हणाले, "चालेल. मी फ्रेम करून मशीनच्या वर लावतो."

जुलैत मी फिलोमिना मावशींकडे मंडळाचा ग्रुप फोटो द्यायला गेले. उत्तनच्या जुन्या कॅथलिक कोळी घरातल्या या मावशी. पहिल्या दिवशी त्यांना मावशी म्हटलं तर म्हणाल्या होत्या, "मी काय तुज्या आयशीएवढी म्हातारी हाय?" पण नंतर चालवून घेतलं. दरवाजा उघडा होता. ओट्यावर त्यांचे मिस्टर जाळं दुरुस्त करत बसले होते.

"मावशी, मंडळात बरं वाटलं ना? तुमचा स्कोअर किती उतरलाय बघा."

"बरा वाटला ना. पन तुज्या कागदावर हाय ना, घर रिकामा वाटतंय का? आता कसा वाटंल? ह्यो मानूस सकालपासून तिसऱ्यांदा चाय मांगतोय."

"दोन महिने हाय घरात, तवर करून दे," मिस्टर जाळ्यातून मान वर न करता म्हणाले. "बोटीवर कोन देतंय मला?"

"मार्चला इचारलंस तवा ह्यो दर्यात होता," मावशी मला म्हणाल्या. "आता पोट घेऊन ओट्यावर हाय."

मी चहा अर्धा ठेवून उठले.

पावसाळ्यात, जून आणि जुलै, मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात. दहा-दहा दिवस समुद्रावर असणारे नवरे आणि मुलगे घरी असतात. उत्तनमध्ये हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर. आणि फॉर्म भरून घ्यायचं वेळापत्रक मीच केलं होतं. जूनमध्ये एका हाकेला दारं उघडत होती, घरात हसणं ऐकू येत होतं, तेव्हा मला वाटलं, बायका आता मला ओळखायला लागल्या.

ऑफिसला येऊन मी डेटा दोन भागांत वेगळा केला. ज्यांच्या घरातलं माणूस बोटीवर जातं त्या बायका एकीकडे. ज्यांच्या घरात कोणी बोटीवर नाही, पण ज्या मंगळवारी मंडळात तितक्याच नियमाने येत होत्या, त्या दुसरीकडे. पहिल्यांचा स्कोअर धाडकन खाली. दुसऱ्यांचा होता तिथेच.

दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की गुण कशाचा हे सांगता येत नाही. पुस्तकात हे मी पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. ती फ्रेम डोळ्यांसमोरून जात नव्हती. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलाशी गेले.

"पण आपल्याकडे कंट्रोल ग्रुप आहे ना?" त्या म्हणाल्या.

"आहे मॅडम. पण मीरा रोडचा."

"मग?"

"मीरा रोडला बोटी नाहीत."

मॅडमनी चष्मा चढवला. बराच वेळ माझे दोन्ही ग्राफ पाहिले. मग म्हणाल्या, "हे तू मला ऑगस्टनंतर सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर जास्त चिडले असते. आत्ता थोडीच चिडलेय. काय करायचं?"

"बोटी गेल्यावर परत मोजू या. सप्टेंबरमध्ये."

"डेडलाइन जाईल. तुझंही नाव जाईल."

"हो मॅडम."

नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या. सप्टेंबरात मी पुन्हा तोच फॉर्म घेऊन मावशींसमोर बसले. घर आवरलेलं होतं. आवाज फक्त पंख्याचा.

"कोणाची तरी उणीव भासते," मी वाचलं.

"मागल्या टायमाला काय लिवलंस?"

"कधीच नाही."

"आता नेहमी लिव." मग म्हणाल्या, "मंगलवारी येते मी मंडलात. हसते, गाते. पन त्यानं एकटेपना जात न्हाय बाय. मंगलवार जातो."

मी 'नेहमी'समोर खूण केली आणि मला आनंद झाला. माझा अंदाज खरा ठरत होता. पुढच्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली. मला जो आकडा वर जायला हवा होता, तो या बाईला सोसावा लागत होता. तेव्हा आई आठवली. तिच्या घरात आता मी नसते. फोनवर ती रोज 'सगळं ठीक' सांगते. तिला हा फॉर्म वाचून दाखवायचा धीर मला अजून झालेला नाही.

बोटीवाल्या घरांचा स्कोअर मार्चच्या जवळपास परत गेला. बाकीच्यांचा हलला नाही. पेपर झाला नाही. रिपोर्टमध्ये मॅडमनी स्वच्छ लिहिलं, की मंडळामुळे एकटेपणा कमी झाल्याचं दिसलं नाही. मंडळ मात्र बायकांनी स्वतःच चालू ठेवलं आहे.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "चूक कोणी धरली?"

"मीच."

"मग नोकरी राहिली ना?"

"राहिली."

"बरं झालं," म्हणाले, आणि मागे मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर नाव, वय आणि तारखेखाली मी एक रकाना वाढवते. आज या घरात कोण नाही? तो आधी भरून घ्यायचा. बाकीची दहा वाक्यं नंतर.