जहाजांचा खेळ

हिंगणघाटच्या घरात बोर्ड गेमसाठी मी एक कपाट ठेवलं होतं. जगभरच्या खेळणाऱ्यांनी दहापैकी आठच्या वर गुण दिलेला खेळच त्यात राहील, हा माझा नियम. त्यातला जहाजांच्या व्यापाराचा खेळ बाबा दर रविवारी माझ्याशी खेळायचे. हरले की नियमांवरून हुज्जत घालायचे.

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं फक्त आईलाच कळायचं. एवढे अवघड खेळ आता त्यांना झेपणार नाहीत, असं मी ठरवून टाकलं. त्यांना विचारलंही नाही. मोठे डबे नागपूरच्या एका ओळखीच्याला देऊन टाकले, जहाजांचासुद्धा, आणि त्यांच्यासाठी सापशिडी आणली. रोज संध्याकाळी ती मांडायचो. ते डाव्या हाताने फासा टाकायचे आणि कपाटाकडे बघत बसायचे. दमले असतील, असं वाटून मी डाव आवरता घ्यायचो.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. तेरवी झाल्यावर आई कपाट पुसत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "तो जहाजवाला डबा कोणाले देल्ला रे? तोच पायजे म्हणत होते ते."

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यायनंच नाई म्हटलं. पोरगा हौसेनं मांडून राह्यला, सांगशीन तर त्याले वाईट वाटन, म्हणे."

सहा महिने मी समजत होतो, मी त्यांचं मन रमवतोय.