सात नंबरचा तुकडा

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझं बीपी वाढलेलं तिला मशीनच्या आधी कळतं, पण हे कळलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे. का — ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

गोष्ट भाजीपाल्याची आहे, म्हणजे तशी हसण्यासारखीच. नागपूरपलीकडच्या आमच्या गोरेगावात वसाहतीमागे धानाची एक जुनी बांधी, म्हणजे भाताचं खाचर, पडीक होती. मालक नागपूरला राहायला गेला आणि आम्हा दहा घरांना त्याने ती भाजी लावायला दिली. आमची घरं सगळी सिमेंटची, मागे भाजी लावायची सांदवाडी कुणालाच उरलेली नाही. वरणावर सांभार — तुमची कोथिंबीर — टाकायचा तरी बाजार गाठायचा. लोक खूश झाले. आखणीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त आहे आणि लोकांच्या मते शिस्तीचा आहे.

शिस्त मी दाखवली. वैशाखात ट्रॅक्टर लावून पाणी अडवणारे मधले धुरे मोडले, सगळं सपाट करून घेतलं. दोरी धरली, खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की मारली. मधून पायवाट, वरच्या अंगाला बोअरवेल, दहा सारखे तुकडे. नकाशासुद्धा काढला.

आता धानाची जमीन उन्हाळ्यात कशी दिसते? तळहातासारखी. एकदा धुरे मोडले की कुठे उंच, कुठे खोल, काही समजत नाही. बाकीची मंडळी नोकरीची, दुकानदारीची, बाहेरून आलेली. मला मात्र ती जमीन माहीत होती. माझ्या वडिलांनी हीच बांधी काही वर्षं ठेक्याने केली होती. दक्षिणेच्या कोपऱ्यात श्रावणात पोटरीभर पाणी साचतं आणि पंधरा-पंधरा दिवस हलत नाही, हे मी लहानपणी त्यात उभा राहूनच शिकलो होतो. धानाला ते चांगलंच. भाजीला — तुम्ही समजून घ्या. नकाशात तो कोपरा म्हणजे सात नंबर.

तुकडे वाटायचे कसे? समोरच्या घरातल्या कुसुमवहिनी वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्यांनी आधी निवडायचा. आखणी माझी, म्हणून दुसरा मान माझा. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या.

मनातल्या मनातही इथवर आलो की मी नेहमी थांबतो.

बोअरवेलजवळचा दोन नंबर मला हवा होता. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

वहिनी नेमक्या दोन नंबरवरच उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तं याच मातीत वाढले. कोनता घेऊ सांगा."

"सात," मी म्हणालो. "काळी माती हाये, वाटेले लागून हाये."

त्यांनी सात घेतला. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं शांतपणे खातं.

वहिनींकडे वालाचं बी होतं. त्यांच्या आईने दिलेलं, जांभळ्या काठाच्या शेंगांचं, राखेत घोळून डब्यात जपलेलं. अंगणात फरशी बसल्यापासून ते लावायला जागा नव्हती. आणखी ठेवलं तर उगवायचं नाही, ही त्यांना धास्ती. म्हणून सगळंच्या सगळं पेरायचं त्यांनी ठरवलं. त्यातली एक मूठ मला आणून दिली — चांगला तुकडा सुचवला म्हणून.

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? एक वाक्य. पाऊस अजून लागायचा होता. मला लाज वाटली, पण लाजेहून भीती जास्त वाटली.

ती मूठ मी लावली नाही. चोराच्या मनात चांदणं. माझ्या मांडवावर वेल चढला असता आणि सातमध्ये नसता, तर कुणीतरी विचारलंच असतं. बायको माहेरी गेली होती. मी दाणे धुऊन राख काढली, भिजवले, उकडले आणि मीठ लावून खाल्ले. चव चांगली होती.

श्रावणात व्हायचं ते झालं. वेल हातभर वर आले होते, ते मुळाशी सडले. वहिनी पदर खोचून घमेल्याने पाणी उपसत होत्या. मीही चार घमेली उपसली. लोकांनी ते पाहिलं आणि मला भला माणूस म्हटलं.

"माह्याच हाताले यश नाही," वहिनी म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधी त्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. "भाऊजी, मूठभर वाल देल्ला होता ना मी तुमाले. त्यातले चार दाने असतील का? मायच्या घरचं बी होतं जी."

"उंदरानं खाल्ले, वहिनी."

त्या जरा वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

आमच्या घरात उंदीर नाहीत. मांजर आहे. तेव्हा ते माझ्या पायाशीच बसलेलं होतं. पिल्लू असताना वहिनींनीच ते आणून दिलं होतं — घरात उंदीर फार झालेत म्हणून मीच त्यांच्याकडे मागितलं होतं.