खळीचा कुंचा

आमची पहिली गाडी पाचव्या हातची होती. सीताबर्डीच्या गर्दीत ती खोकून बंद पडली की नवरा माझ्याकडे असा बघायचा, जणू तिला नजर मीच लावली. सदर बाजारातल्या मिस्त्रीने सांगितलं, इंजिनात हवा जायच्या वाटेत काजळी साचलीय, सगळं खोलून खरवडावं लागेल. नवरा म्हणाला, "त्यात काय, मी घरीच करतो." लग्नाला चारच महिने झाले होते, म्हणून मी कौतुकाने मान डोलावली. पुढे ती सवय मोडली.

सत्तरच्या दशकातला एक रविवार होता. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. नवऱ्याने अंगणात जुनं धोतर अंथरून त्यावर नट-बोल्ट ओळीने मांडले, कार्बोरेटर उतरवला आणि त्यामागची नळी काढून परातीतल्या रॉकेलमध्ये बुडवली. परात माझ्या माहेरची होती, पण तेव्हा मी गरीब गाय होते. नळीच्या आत चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी काळी खरपुडी धरली होती. चमच्याच्या दांड्याने खरवडून झालं, चिंध्या घालून झाल्या. मग मान वर न करताच तो म्हणाला, "एखादा ताठ ब्रश आण वं, चिंधीनं निघून नाही राहिलं."

मी घरात शोधलं. ओसरीवर खिळ्याला एक लहानसा, राठ केसांचा कुंचा टांगलेला असायचा. सासूबाई रोज संध्याकाळी तो काढून, भिंतीकडे तोंड करून पुसायच्या. मला वाटायचं, काय ही स्वच्छतेची हौस! मी शेतकऱ्याची लेक. आमच्याकडे भिंतीला टांगलेली वस्तू म्हणजे हाताशी ठेवलेली वस्तू, विळा असो की दोर. मी कुंचा काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

त्याने तो रॉकेलमध्ये बुचकळून भराभरा घासायला घेतला. काजळी सुटू लागली तसा तो खूश. नळी उन्हाकडे धरून आतून बघताना त्याचं लक्ष हातातल्या कुंच्याकडे गेलं आणि त्याने नळी खाली ठेवली.

"हे काय दिलं वं तुनं? बाबाचा कुंचा हाय हा."

सासरे विणकर होते, एवढं मला ठाऊक होतं. ते गेल्यावर माग विकला, मोठे कुंचेही गेले. ताण्याच्या उभ्या धाग्यांना ताठ करणारी खळ लावताना कडेच्या धाग्यांवरून फिरवायचा हा एक लहान तेवढा राहिला होता. हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मी साबण, सोडा, राख, सगळं लावून कुंचा धुतला. केस उजळले, वास काही जाईना.

सासूबाई आल्या. मी रडतच कुंचा त्यांच्यापुढे धरला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो नाकाशी नेला आणि हळूच खाली घेतला.

"सात वर्सं झाली त्याईले जाऊन," त्या म्हणाल्या. "खळीचा वास होता यात. त्याईच्या अंगाले यायचा तोच."

म्हणजे रोज संध्याकाळी त्या कुंचा पुसत नव्हत्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी मी विचारलं, "आई, खळ कशी करतात?" त्या चुलीपाशी पाट ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. तांदळाची पेज आंबवायची, पातळ शिजवायची, वरून तेलाचे चार थेंब. सासरे कसे ढवळायचे, गुठळी झाली की कसे चिडायचे, हेही सांगितलं. सासऱ्यांविषयी इतकं त्या पहिल्यांदाच बोलल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही कुंचा त्या खळीत बुडवला आणि सावलीत वाळवला.

वाळल्यावर त्यांनी तो नाकाशी धरला. माझा जीव टांगणीला. त्यांनी डोळे मिटले. "आला," त्या म्हणाल्या. "आला वं पोरी, तोच वास."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या पाणी प्यायला आत गेल्या तसा मीही कुंचा हुंगून पाहिला. रॉकेल. नुसतं रॉकेल.

गाडी त्यानंतर चांगली पळाली. नवरा आल्यागेल्याला बॉनेट उघडून दाखवायचा. सासूबाई पुढे बारा वर्षं होत्या. त्या रोज संध्याकाळी कुंचा काढायच्या, पण आता भिंतीकडे तोंड करत नसत. मी जिथे असेन तिथे वळून, मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "वास येते वं अजून."